नणंदेचा विकास आराखडा

"अहो, पाणी! पाणी!" बेसिनमध्ये मान टाकून पडलेली बाई ओरडली. ताईंनी नळाला हात लावण्याआधी आरशातून मालकिणीकडे पाहिलं, जणू गिऱ्हाइकाचं डोकं भाजलं तर त्याचा जाब मालकिणीनेच द्यायचा होता. मग सावकाश नळ फिरवून त्यांनी मनगटावर धार घेतली.

"आमचा गिझर आमच्या मालकीणबाईंसारखाच आहे," त्या बाईला म्हणाल्या. "कधी तापेल, सांगता येत नाही."

बाई डोळे मिटून हसली. मालकीण हसली नाही. तिने हातातला ड्रायर हुकाला अडकवला, त्याची वायर गुंडाळली, आणि नीट गुंडाळलेली वायर सोडून परत गुंडाळली.

"ताई, यांचं डोकं पुसून झालं की आत या. आज तुमची पाळी."

"कसली?"

"तुम्हाला माहीत आहे कसली."

"अगं बाई, म्हणजे माझाही विकास करणार?" ताईंनी फेसाळ हात वर करून सगळ्या सलॉनला ऐकू जाईल असं विचारलं. कोपऱ्यात भुवया कोरणाऱ्या मुलीच्या दातांत दोरा होता. हसताना तो सुटला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने 'आई गं' केलं. केस कापणारे मास्तर हातातला कंगवा हातातच ठेवून खणात कंगवा शोधू लागले.

नात्याने या दोघी भावजय आणि नणंद. ताई मालकिणीच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हा दोन बॅगा घेऊन त्या चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आल्या, आणि त्या चार दिवसांना आता काही वर्षं होत आली होती. घरातली मागची खोली त्यांना मिळाली. त्या खोलीत मालकिणीला नवरीच्या मेकअपचं काम सुरू करायचं होतं. त्यासाठी आणलेला दिव्यांचा आरसा अजून खोक्यातच, ताईंच्या पलंगाखाली पडून होता.

बहीण नुसती बसून खंगेल म्हणून भावाने तिला सलॉनमध्ये धाडलं. मालकिणीने नाही म्हटलं नाही. तिने ताईंना डोकी धुवायला लावलं, टॉवेल वाळत घालायला लावलं. आणि सगळ्या खुर्च्या भरल्या की ती हमखास, अगदी मधाळ आवाजात म्हणे, "ताई, केस झाडून घेता का जरा?" त्यात आपल्याला काय सुख मिळतं, ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. ताईही काही कमी नव्हत्या. चंपी करताकरता त्या गिऱ्हाइकाला मालकिणीचं खरं वय सांगत. लग्नात हिने स्वतःचा मेकअप स्वतः केला आणि माझ्या मावशीने हिला ओळखलंच नाही, सरळ करवलीच्या पायावर पाणी घालायला निघाली, हेही सांगत. त्यातून थोरली नणंद असल्यामुळे त्या मालकिणीला 'तू' म्हणत आणि धाकटी भावजय म्हणून मालकीण त्यांना 'तुम्ही' म्हणे. पगार देणारी 'तुम्ही' म्हणायची आणि घेणारी 'तू'. नवीन आलेल्या मुलीला मालकीण नेमकी कोणती, ते कळायला वेळ लागे.

आराखड्यांचं खूळ मालकिणीने एका शिबिरातून आणलं होतं. तिच्याकडे कामाला असलेल्या दोन चांगल्या मुली एकापाठोपाठ एक सोडून गेल्या होत्या. शिबिरातल्या बाईने सांगितलं, की माणूस पगारासाठी येतो आणि पुढचा रस्ता दिसेनासा झाला की जातो. प्रत्येकीला समोर बसवा, तिला काय व्हायचंय ते विचारा, त्यासाठी काय शिकायला हवं ते दोघींनी मिळून ठरवा आणि दर काही महिन्यांनी परत बसा. मालकिणीला ते मनापासून पटलं. मास्तरांना केसांच्या रंगाचा कोर्स करायचा होता. भुवयावालीला मेकअप शिकायचा होता, आणि हे आपल्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणून ती बोलताबोलता रडली होती. सगळं कसं शिबिरात सांगितल्यासारखं चाललं होतं. ताईंना मालकिणीने शेवटी ठेवलं होतं.

बसण्याची जागा म्हणजे वॅक्सची अरुंद खोली. ताई आल्या आणि सरळ उंच पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसल्या. मालकिणीला खाली स्टूल उरलं. आता कर्मचाऱ्याशी बोलायला मालकिणीला मान वर करावी लागत होती.

"तुम्हाला कामात काय आवडतं?"

"सुट्टी."

"तुम्हाला काय चांगलं जमतं?"

"तुला सहन करणं."

मालकिणीने मांडीवरच्या आराखड्यातले दोन्ही रकाने रिकामे सोडले. लाजणाऱ्या मुलीशी कसं बोलावं, रडणारीशी कसं बोलावं, हे शिबिरात शिकवलं होतं. नणंदेचा विषय तिथे निघालाच नव्हता.

"पुढच्या वर्षी या वेळेला तुम्ही कुठे असावं असं तुम्हाला वाटतं?"

ताई पलंगावर अंथरलेला कागद नखाने टरकावत राहिल्या. वॅक्सच्या भांड्याचा दिवा विझला, परत लागला.

"जिथे सकाळी उठल्याबरोबर तुझं तोंड बघावं लागणार नाही, तिथे."

"लिहून घेऊ?"

"लिही की. भिते का मी?"

मालकिणीने लिहून घेतलं. आपलं अक्षर एरवीपेक्षा चांगलं येतंय असं तिला वाटलं.

"म्हणजे स्वतंत्र खोली," ती म्हणाली. "खोली हवी तर दुसरीकडे नोकरी हवी. पण डोकी धुणाऱ्या बाईला खोलीचं भाडं सुटेल इतका पगार कुणी देत नाही."

"तूही देत नाहीस."

"मीही देत नाही. केस कापता येत असतील तर देतात."

"मग शिकव केस कापायला. इतकी वर्षं हातात झाडू दिलास तो कुणी सांगितलं होतं म्हणून?"

याचं उत्तर मालकिणीजवळ होतं, पण ते कुठल्याही रकान्यात बसणारं नव्हतं. तिने पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

"मास्तर शिकवतील."

"किती दिवस लागतील?"

"ते तुमच्यावर. मला विचाराल तर जितकं लवकर तितकं बरं."

"मलाही," ताई म्हणाल्या आणि पलंगावरून उतरल्या. नवऱ्याला मध्ये न घेता दोघी एवढं कधी बोलल्या नव्हत्या. दोघींना एकच गोष्ट हवी आहे, असंही आजवर कधी झालं नव्हतं.

मास्तरांनी जेमतेम आठवडा काढला.

"मॅडम, मला नाही जमणार," ते मालकिणीला बाजूला घेऊन म्हणाले. "त्या शिकत नाहीत, मलाच शिकवतात. काल म्हणाल्या, मास्तर, तुमच्या डोक्यावर केस नाहीत, तुम्हाला केसांची किंमत काय कळणार."

मालकिणीला हसू आलं, ते तिने खोकून घालवलं. दुसऱ्या दिवसापासून सलॉन उघडायच्या आधी ती स्वतः ताईंना घेऊन उभी राहू लागली. स्टँडवर डमीचं रबरी डोकं, त्याच्यामागे ताई, आणि ताईंच्या मागे हाताची घडी घालून मालकीण.

"बोटं वर गेली. बोटं वर गेली की पायऱ्या पडतात. सरळ कापायचंय तर बट खाली ओढा."

"ओढलीय."

"ओढलीय म्हणता आणि वर उचलता. कात्री धरलीय की चिमटा?"

"तू शिकवतेस की नुसती बोलतेस?"

"दोन्ही. पहिली बट कुठे गेली? तिच्या मापाने बाकीचे कापायचे, आणि तुम्ही तीच हरवून बसलात."

"तू कानाशी भुणभुण करतेस म्हणून हरवली!"

पण दुसऱ्या दिवशी बट हरवायची नाही. मालकिणीने एकदा काढलेली चूक परत काढायची संधी ताई तिला देत नसत. पुन्हा ऐकून घेण्यापेक्षा त्या मागच्या खोलीत दार लावून सराव करत. कात्रीची खिचखिच मालकिणीला तिच्या अंथरुणात ऐकू येई. मालकीणही हात राखून शिकवत नव्हती. मुलींना ती जे वर्षावर्षाने, थोडंथोडं, जपून द्यायची, ते तिने ताईंना धडाधड देऊन टाकलं. कुरळ्या केसांचं काय करायचं, पातळ केस दाट कसे दाखवायचे, बाई फोटो दाखवून 'अस्सं हवं' म्हणाली तर तिचं मन न मोडता तिला कसं वळवायचं. एकदा ही बाई इथून गेली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

घरात मात्र शांतता नांदू लागली. दिवसभर भांडून दोघी इतक्या दमत, की जेवताना कुणी कुणाच्या आमटीला नाव ठेवत नसे. नवरा एकदा पाण्याचा पेला तोंडाशी धरून दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"काय झालंय?" त्याने विचारलं. "तुम्ही बोलत का नाही आहात?"

"जेव तू," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि त्याचा दोघींनाही राग आला.

मग एके दिवशी ताईंच्या हातून कपाळावरची झुलपं फसली. गिऱ्हाईक जुनं होतं, केस लाटालाटांचे. ताईंनी ते ओले असताना ताणून कापले आणि वाळल्यावर ते वर चढून भुवयांपासून पार लांब जाऊन बसले. बाईने आरशात पाहिलं, मग किंचाळली. असल्या झाडूवालीच्या हातात कात्री देता कशाला, असं ती बोलली. मास्तर खणात वाकले. ताई कात्री धरून तशाच उभ्या होत्या आणि त्यांची मान लालबुंद झाली होती.

मालकीण हातातलं काम टाकून आली. तिने बाईच्या कपाळावरून दोनदा कंगवा फिरवला.

"मीच सांगितलं होतं त्यांना इतके आखूड करायला," ती म्हणाली. "तुमचं कपाळ छान आहे, झाकून कशाला ठेवायचं? नाही आवडलं तर माझी चूक. आणि त्या झाडूवाली नाहीत, माझ्या नणंद आहेत."

बाई कुरकुरत गेली. तिच्यामागे दार बंद झालं तशी ताईंनी कात्री ट्रेमध्ये आपटली.

"तुझे उपकार नकोत मला."

"उपकार कसले? ती बाहेर जाऊन तुमच्या नावाने ओरडली तर तुम्हाला ठेवणार कोण? तुम्ही इथे अडकलात तर मला परवडणार नाही."

"खोटं बोललीस तू. आता जन्मभर हे माझ्या डोक्यावर ठेवशील."

"ठेवणारच. लाटांचे केस ओले असताना कधी ताणून कापायचे नाहीत, हे आधी डोक्यात ठेवा. बाकीचं नंतर ठेवीन."

त्या रात्री ताई जेवल्या नाहीत. सकाळी मालकीण सलॉनमध्ये पोचली तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. समोर लाटालाटांच्या केसांचा जुना टोप होता. तो त्यांनी कुठून पैदा केला, हे मालकिणीने विचारलं नाही. पाण्याची बाटली तेवढी त्यांच्या हाताशी सरकवली.

वर्ष सरत आलं तेव्हा गिऱ्हाइकं फोन करून विचारू लागली होती, 'ताई आहेत का? त्या असतील तेव्हा येते.' ताईंची जीभ होती तशीच होती, पण ती आता त्या खुर्चीतल्या बाईच्या नवऱ्यावर, सासूवर, ऑफिसातल्या साहेबावर चालवत, आणि बाया हसून हसून मोकळ्या होऊन जात. मालकिणीच्या खुर्चीपेक्षा ताईंच्या खुर्चीपुढचा बाक जास्त भरलेला असे. मालकीण ते बघायची आणि टॉवेलांच्या घड्या मोडून परत घालायची.

शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन सलॉन निघत होतं. ताई परस्पर जाऊन तिथे कापून दाखवून आल्या. सलॉनच्या वर एक खोलीही होती. मालकिणीला त्यांनी ते वॅक्सच्या खोलीत सांगितलं. उभ्याउभ्याच.

"तिथला मालक तुला फोन करणार आहे. विचारणार आहे माझ्याबद्दल."

"बरं."

"काय सांगायचं ते सांग. मी काही तुझ्या पाया पडायला आले नाहीये."

त्या रात्री नवरा मालकिणीजवळ येऊन बसला. बराच वेळ तो चादरीचं टोक सरळ करत राहिला.

"ताईने तुझं अर्धं काम उचललंय असं मास्तर सांगत होते."

"मग?"

"मग जाऊ कशाला देतेस? या वयात एकटीच राहणार का ती? फोन आला की सांग काहीतरी. अजून कच्ची आहे म्हण. खोटं म्हणजे अगदी खोटंही नाही ते."

मालकिणीने दिवा मालवला. मागच्या खोलीतली कात्री आता वाजत नव्हती. सरावाची गरज उरली नव्हती.

फोन दुसऱ्या दिवशी, ऐन गर्दीत आला. मालकीण तो घेऊन आत टॉवेलांच्या कपाटापाशी गेली.

"हो, बोलतेय... नातेवाईक म्हणून सांगू नका म्हणता? नातेवाईक म्हणून सांगितलं तर तुम्ही फोनच ठेवाल." तिने भिंतीला पाठ टेकली. "ऐका मग. त्या तोंडाळ आहेत. वेळेवर येतात, पण आल्याबरोबर आधी दुसऱ्यांच्या चुका काढतात. चहा कुणाच्याच हातचा आवडत नाही. गिऱ्हाइकाला तिची सून कशी आहे ते विचारतात आणि मग स्वतःच सांगतात. तुम्हाला 'अरे-तुरे' करतील, आत्ताच सांगून ठेवते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मालकीण वळली. दारातून तिला ताईंची खुर्ची दिसत होती. ताईंनी एका म्हाताऱ्या बाईची हनुवटी दोन बोटांवर तोलून धरली होती आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते त्या आरशात बघत होत्या. म्हातारीने डोळे मिटले होते. तिला झोप लागल्यासारखी वाटत होती.

"काम?" मालकीण म्हणाली आणि थांबली. इथे एक शब्द पुरला असता. ताई संध्याकाळी दोन शिव्या देऊन, दार आपटून मागच्या खोलीत गेल्या असत्या आणि सकाळी बाक परत भरला असता. "हात माझ्यापेक्षा हलका आहे त्यांचा," ती म्हणाली. "एकदा बसलेली बाई परत त्यांनाच विचारते. माझ्याकडच्याही काही तुमच्याकडे येतील, तेव्हा मला फोन करून आभार मानू नका."

तिने फोन ठेवला आणि कपाटातून टॉवेल घ्यायला वळली, तर दारात ताई. टॉवेल घ्यायलाच आल्या होत्या.

"सून कशी आहे, हे मी कधी विचारलं?"

"काल."

"ती आपण होऊन सांगत होती," ताई म्हणाल्या. त्यांनी हातातला ओला टॉवेल तिथेच टाकला, कोरडा घेतला आणि म्हातारीकडे परत गेल्या.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मास्तर आणि भुवयावाली संध्याकाळी निरोप घेऊन गेले. भुवयावालीने ताईंना मिठी मारली, ती ताईंनी 'पुरे, पुरे' म्हणत सोडवली. नवरा बॅगा आणि ताईंना पोचवायला गाडी घेऊन येणार होता, त्याला उशीर होत होता. मालकिणीने शटर अर्धं ओढलं. ताईंनी आपली कात्री पुसली, तिच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडला, दोन-चारदा हवेत चालवून बघितली. मग त्यांची नजर मालकिणीच्या मानेवर गेली.

"तुझे मागचे केस कोण कापतं?"

"कुणी नाही. मीच. दोन आरसे धरून."

"दिसतंय. सलॉनच्या मालकिणीची मान म्हणून कुणी सांगितलं तर खरं वाटायचं नाही. बस."

"गाडी येईल आता."

"थांबेल. माझा भाऊ आहे, थांबायची सवय आहे त्याला. बस म्हणते ना."

मालकीण बसली. त्या खुर्चीत ती फक्त पुसायला म्हणून वाकली होती, बसली अशी कधी नव्हतीच. ताईंनी तिच्याभोवती केप टाकून मागे गाठ ओढली.

"गळा आवळताय का?"

"मनात असतं तर इतकी वर्षं वाट पाहिली नसती." पाण्याचा फवारा गार होता. "किती कापू?"

"मी सांगेन तेवढंच कापणार आहात का?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

ताईंनी तळवा तिच्या डोक्यामागे ठेवून मान खाली वाकवली. मालकिणीला आता फक्त केपच्या घड्या दिसत होत्या आणि त्यांवर पडणारे बारीक ओले तुकडे. कंगवा मानेवरून सरळ खाली यायचा, बोटं थांबायची, कात्री चालायची. बोटं वर जात नव्हती. मालकीण चूक शोधत होती, आणि ती सापडत नव्हती.

"नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी कुणाला काही बोलू नका," ती केपकडे बघत म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी बोलीन."

"आणि रात्री दाराला आतून..."

"मला अक्कल आहे."

कंगवा फिरला, बोटं थांबली. कात्री चालली नाही. मालकिणीने वाट पाहिली. बाहेरून एक गाडी आली आणि निघून गेली, ती तिच्या नवऱ्याची नव्हती. मानेवर ताईंची बोटं तशीच टेकलेली होती, आणि ती इतका वेळ हललीच नाहीत.

"काय झालं?"

"काही नाही." ताईंनी नाक ओढलं. "कात्री अडकली. मान खाली ठेव."

नुकतंच तेल दिलेली कात्री ओल्या, विंचरलेल्या केसांत अडकत नाही, हे शिकवणारीला आणि शिकणारीला, दोघींनाही माहीत होतं. समोर मोठा आरसा होता. नुसते डोळे वर उचलले असते तरी मालकिणीला त्यात सगळं दिसलं असतं.

तिने हनुवटी छातीशी आणखी टेकवली.

"होऊ दे सावकाश," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय."